दोरी पुरते तिथवर

त्या सकाळी बायका हात हलवत प्लॉटवर आल्या. एरवी 'हात हलवत आली' म्हटलं की तो टोमणा असतो, त्या दिवशी ते निव्वळ खरं होतं. कुणाच्या कडेवर पोर नव्हतं, कुणाच्या पाठीला झोळी नव्हती, बोट धरून मुसमुसत येणारंही कुणी नव्हतं. फाटकातून आत आल्यावर सगळ्याच जरा घुटमळल्या. हात कुठं ठेवायचे तेच त्यांना कळेना. एकीनं ते कमरेवर ठेवले, एकीनं पाठीमागं बांधले, तेवढ्यात मुकादमबाई ओरडली, "अगं, फोटो काढायला आलात का? चिमटे घ्या!"

प्लॉट टोमॅटोच्या बियाण्याचा होता. इथं टोमॅटो खायला पिकवत नाहीत. संध्याकाळी, उद्या उमलेल अशी कळी हेरायची आणि चिमट्यानं तिच्यातले पिवळे नर केसर अलगद उपटून काढायचे. सकाळी बोटातल्या अंगठीच्या वाटीत दुसऱ्या जातीचे पराग घ्यायचे आणि कळीचं उघडं टोक त्यात बुडवायचं. मग त्याच चिमट्यानं देठाजवळच्या दोन हिरव्या पात्या कापायच्या, म्हणजे हे फूल झालं अशी खूण. फूल धरायचं ते श्वास आवरून. जरा जोर लागला की मान मोडते. एका हातानं हे काम होत नाही.

आणि इतकी वर्षं या बायकांनी ते एका हातानं, फार तर दीड हातानं केलं होतं. उरलेला हात पोराचा. यंदा ऊन लवकर चढलं, पराग सूर्य डोक्यावर यायच्या आतच मरायला लागले, आणि रखडत काम करून चालेना. त्यातच मागच्या हंगामात एका पोरानं औषध मारलेला पाला तोंडात घातला होता. ते वाचलं, पण तेव्हापासून पोरांना प्लॉटवर बंदी झाली. मग सरकारकडून पाळणाघर आलं. फाटकाजवळचं जुनं गोदाम प्लॉटवाल्यानं रिकामं करून दिलं, सांभाळणाऱ्या ताईचा पगार आणि पोरांचं खाणं सरकारनं उचललं, आणि आयांनी फक्त मूल आणि त्याचे कपडे आणायचे असं ठरलं. बायकांना हे खरंच वाटत नव्हतं. आपल्या पोराला कुणीतरी फुकट सांभाळतंय, वर त्याचा पगार घेतंय, याचं त्यांना हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती.

धाकटीची लेक तिथं गेलेल्या पोरांत सगळ्यात लहान होती. धाकटीला सगळं गाव धाकटीच म्हणे. थोरल्या जावेनं शहरात बिऱ्हाड करून जमाना झाला, तरी ही आपली धाकटीच. नवरा ट्रकवर, आला तर आठवड्यानं, नाहीतर महिन्यानं. घरात ती, सासू आणि ही पोरगी, भिंगरी. नाव लाडाचं होतं, पण ते पडलं होतं दोरीमुळं. पंपाच्या खोलीबाहेर लोखंडी खांब होता. रांगायला लागल्यापासून भिंगरीच्या कमरेला मऊ पट्टा असे आणि पट्ट्यापासून खांबापर्यंत दोरी, जुन्या चादरींच्या पट्ट्या विणून सासूनं केलेली. पोरगी दिवसभर त्या खांबाभोवती फिरे. एकीकडून दोरी गुंडाळली गेली की दुसरीकडून उलगडे. जाणारे येणारे हसत, "काय भिंगरी, किती फेऱ्या झाल्या?"

दोरी बांधायला कारण होतं. प्लॉटच्या ओळी उताराला होत्या आणि खालच्या टोकाला पाट होता, कायम भरलेला. झाडोऱ्यात शिरलेलं रांगतं मूल दिसत नाही.

त्या पहिल्या सकाळी धाकटीनं दोन्ही हात कामाला लावले आणि तिचं तिलाच नवल वाटलं. डाव्या हातात फूल, उजव्या हातात अंगठी. फूल हलत नव्हतं. तिचे हात प्लॉटवर नावाजलेले होते, पण ते असे शांत तिनं कधी पाहिले नव्हते. सगळीकडे चुप्प होतं. रडणं नाही, दटावणं नाही, "आले गं आले" नाही. पंपाची घरघर तेवढी. बाजूच्या ओळीतली एक म्हातारबाई काम थांबवून नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई गं. आपल्याला बोलायलासुद्धा वेळ आहे." आणि मग कुणी काहीच बोललं नाही.

ऊन तापायच्या आत धाकटी आपली ओळ संपवून फाटकाशी आली. सगळ्यांच्या आधी. मुकादमबाईनं भुवया उंचावल्या, "वा! पोर उतरलं आणि पंख फुटले."

दोन दिवसांनी तीच मुकादमबाई तिला दंडाला धरून ओळीत घेऊन गेली. ओळीच्या मध्ये तारा ताणायला रोवलेल्या जाड खांबापर्यंत सगळी झाडं खुणेची होती. एकेका घोसात कापलेल्या पात्या, खाली टाचणीच्या डोक्याएवढं फळ धरलेलं. खांबाच्या पुढं मात्र एकाही फुलाला हात लागला नव्हता. कळ्या आपल्या आपण उमलून गेल्या होत्या, काही सुकून गळाल्या होत्या.

"हे काय?" मुकादमबाई म्हणाली.

धाकटी बघतच राहिली. "मी ओळ संपवली होती."

"अशी? अर्धी?"

"शपथ सांगते. शेवटपर्यंत गेले होते मी."

मागं बायका जमल्या होत्या. एकीनं फसकन हसून तोंडावर हात घेतला. धाकटीचे कान तापले. ती खोटं बोलत नव्हती. पोटाशी भिंगरी घेऊनच ती इथं कामाला लागली होती, आणि तेव्हापासून तिला खांबाच्या अलीकडची अर्धी अर्धी ओळ मिळत आली होती, कारण खांबापलीकडं गेलं की पंपाच्या आवाजात पोराचं रडणं ऐकू येत नसे. मागचा अर्धा भाग बिनलेकराच्या बायका करत. आता पूर्ण ओळ तिची होती, पण पाय त्या खांबापाशी आले की वळत, आणि वळले हे तिला कळतही नसे. तिच्या हिशेबी ओळ तिथंच संपत होती.

मुकादमबाई वाईट नव्हती, पण फुलं तिच्यासाठी थांबणार नव्हती. "हे बघ, तुझ्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही," ती म्हणाली. "पण अर्धी बाई मला परवडत नाही. हा आठवडा देते. मग ओळ दुसरीला."

दुसऱ्या दिवशी धाकटी खांबापाशी आली आणि थांबली. मुद्दाम एक पाऊल पुढं टाकलं. हाताला घाम सुटला आणि अंगठीतले पराग ओले झाले. तिला पोरीचं रडणं ऐकू आलं, अगदी स्पष्ट, घसा ताणून. तिनं चिमटा ओळीतच टाकला आणि ती धावत सुटली.

पाळणाघरात कुणी रडत नव्हतं. ताई, साधारण तिच्याच वयाची, एका पोराचं नाक पुसत होती. दारापाशी पाण्याची परात ठेवलेली होती आणि सगळी पोरं तिच्यात हात मारून भिजत होती, खिदळत होती. भिंगरी त्यांच्यात नव्हती. ती खोलीच्या मध्ये, छताला आधार दिलेल्या लाकडी खांबापाशी बसली होती आणि परातीकडं टक लावून बघत होती.

"ती तिथंच असते," ताई म्हणाली. "रागावू नका, पण विचारते. तिच्या पायांत काही आहे का? बाकीची तिच्या वयाची चालतात. ही उभी राहते, खांबाला धरून फिरतेसुद्धा. पण दाराकडं म्हणून येत नाही. खेळणं दाखवलं तरी अर्ध्यावर येते आणि मागं फिरते."

धाकटी आत गेली. तिनं पोरीला उचललं आणि तिचे पाय चाचपून पाहिले, गुडघे, टाचा, बोटं. पाय चांगले भरलेले होते.

संध्याकाळी चुलीपुढं बसून ती सासूला म्हणाली, "आई, उद्यापासून मी जात नाही."

म्हातारीला खरं तर हेच हवं होतं. पोरगी लोकांच्या हाती द्यायची तिची पहिल्यापासून तयारी नव्हती. पण स्वतः सांभाळायचीही तयारी नव्हती, हे त्यातलं अवघड. "पोर माझ्या एकटीच्या भरवशावर ठेवू नकोस," एवढंच ती म्हणे. गुडघ्यांचं कारण सांगे. गुडघे दुखत होते हे खरं, पण शेजारच्या घरी भांडण लागलं की ती त्याच गुडघ्यांवर कुंपणापर्यंत जात असे.

"का? काढलं का तुला?" तिनं विचारलं.

"काढतील. माझ्याच्यानं ओळ पुरी होत नाही. आणि पोरगी चालत नाही, आई. ती ताई म्हणते, पायांत काही आहे का. मी तिकडं फुलं धरत बसू आणि इकडं ही अशी..."

"ती कोण मेली पाय बघणारी," म्हातारी उसळली. "उद्या मी येते. बघते तिचं पाळणाघर."

सकाळी म्हातारी आली ती भांडायच्याच बेतानं. दारातल्या स्टुलावर बसली, काठी आडवी धरली, आणि ताईनं दिलेलं पाणीही प्यायली नाही. धाकटी ओळीवर न जाता तिच्यामागं उभी होती. खोलीत भिंगरीनं आजीला पाहिलं. हसली. खांब सोडला, दोन्ही हात वर करून तोल सावरत एक पाऊल आली, दुसरं आली, मग भराभर.

"बघ की चालते!" म्हातारी ओरडली.

आणि भिंगरी थांबली. मोकळ्या फरशीवर, पुढं काही नसताना थांबली. कमरेत जरा वाकली, जसं कुणी मागून धरलंय. मग डावीकडं वळली आणि गोल चालत खांबाच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथून आजीकडं बघून पुन्हा हसली.

ताईनं खुळखुळा वाजवला. पोरगी पुन्हा आली, पुन्हा तिथंच थांबली, त्याच ठिकाणी, आणि वळली.

म्हातारीच्या हातातली काठी खाली पडली. कुणी उचलली नाही. ती स्टुलावरून उठली, भिंतीला धरत आत गेली आणि पोरगी जिथं थांबली होती तिथं उभी राहिली. तिथून खांबाकडं पाहिलं.

"ही माझी दोरी आहे," ती म्हणाली.

"काय, आई?"

"माझ्या हाताची आहे, मला कळत नाही होय? एवढीच आहे ती. पट्ट्यापासून खांबापर्यंत. तिच्या कमरेची सोडली तुम्ही. पण ती अजून आहे."

खोलीत पोरांचा गलका चालू होता, तरी त्या तिघी काही ऐकत नव्हत्या. पोरीच्या अंगावर दोरी नव्हती, आणि ती दोरीचा मान राखत होती. धाकटीला ओळीतला जाड खांब आठवला आणि आपले वळणारे पाय आठवले. परवा हसणाऱ्या बायकांना जे कळलं नव्हतं ते तिला आता एका क्षणात कळलं. तिनं भिंतीला हात टेकला.

म्हातारी हळूहळू खाली बसली. गुडघे कडकडले, पण ती बसली. "माझा पहिला होता," ती फरशीकडं बघत म्हणाली. "तुझ्या दिराच्याही आधीचा. मी निंदत होते. इथंच, पाटाच्या वर. मागं वळून बघितलं तर आहे, वळून बघितलं तर आहे, आणि एकदा वळून बघितलं." तिनं फरशीवरून हात फिरवला. "मग थोरल्याच्या वेळी मी दोरी विणली. तुझ्या नवऱ्यालाही तीच. मला वाटलं, मी जगातलं सगळ्यात शहाणं काम केलं."

"शहाणंच केलंत, आई," धाकटी म्हणाली. "दोघं जगले."

धाकटीला लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पहिल्याबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासू पोरीला एकटी का सांभाळत नाही, ते तिला आज कळलं. तिनं आतापर्यंत मनात काय काय म्हटलं होतं ते आठवून तिला लाज वाटली.

म्हातारीनं नाक पुसलं आणि एकदम कामाचा आवाज काढला. "दोरी घेऊन ये घरनं."

"आजी, इथं मूल बांधता येत नाही," ताई घाबरून म्हणाली. "नियम आहे. तपासणीला आलेल्यांनी पाहिलं तर पाळणाघर बंद करतील."

"बांधतंय कोण? धरणार आहे मी."

आणि तसंच झालं. पोरीच्या कमरेला जुना पट्टा घातला, दोरीचं एक टोक त्याला, आणि दुसरं टोक खांबाला नाही, म्हातारीच्या मुठीत. म्हातारी खांबाला टेकून बसली. पट्टा चढताच भिंगरी खूश झाली, हरवलेली वस्तू सापडावी तशी तिनं दोरी चाचपली. फिरायला लागली. थांबायची जागा आली तेव्हा म्हातारीनं मूठ सैल केली आणि दोरी वीतभर सोडली. पोरीला ताण बसला नाही. तिनं मागं वळून पाहिलं. पुन्हा पुढं पाहिलं. आणि वीतभर पुढं गेली.

ताईनं तोंडावर हात दाबला. आपण काय पाहिलं हे तिला नीटसं सांगता येत नव्हतं, पण तिचे डोळे भरून आले होते.

"तू काय बघतेस?" म्हातारी सुनेवर खेकसली. "जा ओळीवर. इथं मी आहे."

त्यानंतर रोज सकाळी म्हातारी सुनेबरोबर प्लॉटवर यायला लागली. तिच्यासाठी ताईनं बसायला लाकडी पाट ठेवला. घरातली प्रत्येक जुनी चादर फाडली गेली आणि दोरीला रोज नवा तुकडा विणला गेला. निळ्या चादरीचा झाला, चौकड्यांच्या चादरीचा झाला. शेवटी ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेलं एक पांढरं दुपटं निघालं. ते कुणाचं हे धाकटीनं विचारलं नाही. म्हातारीनं ते धुतलं, वाळवलं आणि फाडून टोकाला विणलं.

बसल्या बसल्या म्हातारी बाकीच्या पोरांवरही नजर ठेवायला लागली. कोण झोपाळलंय, कुणाच्या पोटात दुखतंय हे तिला आधी कळे. दुपारी सगळी पोरं एका ओळीत झोपत आणि खोलीत नुसता श्वासांचा आवाज भरून राही. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा म्हातारी बराच वेळ हललीच नाही. "सगळी आहेत," ती ताईला कुजबुजली. "एकही कमी नाही." ताईला यात एवढं नवल करण्यासारखं काय ते लगेच उमगलं नाही, उमगलं तेव्हा तिनं म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला.

तिकडं ओळीत धाकटीही वितीवितीनं पुढं जात होती. खांब ओलांडला की घाम सुटे, कानांत रडणं घुमे. मग ती मनात म्हणे, आईंच्या मुठीत आहे. एक झाड. आईंच्या मुठीत आहे. आणखी एक झाड. चाल गोगलगाईची होती, पण मुकादमबाई गप्प होती. एकदा तर ती स्वतः खांबापलीकडं जाऊन उभी राहिली आणि उगाच इकडची तिकडची बडबड करत राहिली, धाकटीला सोबत व्हावी म्हणून. हे तिनं कधी कबूल केलं नसतं.

मुदतीच्या शेवटच्या सकाळी धाकटीनं एका झाडाचं फूल बुडवलं, पात्या कापल्या, आणि पुढच्या झाडासाठी हात लांबवला तर पुढं झाड नव्हतं. मोकळा बांध होता, त्यावर गवत, आणि बांधाच्या पलीकडं पाट. भरून वाहत होता. पाण्यावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि सगळा पाट हलत होता, चमकत होता, आवाज न करता. पलीकडं शेतं, त्यांच्या पलीकडं टेकड्या, एकामागं एक, शेवटच्या तर आकाशात विरघळलेल्या. भिंगरी तान्ही असल्यापासून ती या प्लॉटवर राबत होती. आपल्या ओळीच्या टोकाशी एवढं सगळं आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. ज्या पाण्याच्या भीतीनं एवढी दोरी विणली गेली ते पाणी हे होतं. तिला त्याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. ती काठाशी बसली, हात बुडवले, बोटांवरचे पिवळे पराग पाण्यात पसरून निघून गेले. तिला रडू आलं, आणि का ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. मग उठून ती पूर्ण ओळ चालत परत आली.

फाटकाशी मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "बघितलंस टोक?"

"बघितलं."

"छान आहे ना गं?" मुकादमबाई एकदम हळू आवाजात म्हणाली. मग भानावर येऊन ओरडली, "उद्या शेजारचीही ओळ घे! हात चांगला आहे म्हणून डोक्यावर बसू नकोस."

पाळणाघराच्या दारात धाकटी आली तेव्हा आत सगळं विचित्र शांत होतं. म्हातारी लाकडी पाटावर बसली होती आणि चेहरा असा कोरा ठेवला होता, की तिला जन्मभर ओळखणाऱ्याला लगेच संशय यावा. ताई भिंतीकडं तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती, घातलेल्याच पुन्हा घालत होती. भिंगरी खांबापाशी होती. कमरेला दोरी होती. म्हातारीच्या दोन्ही मुठी मांडीवर रिकाम्या होत्या.

"आलीस?" म्हातारी म्हणाली. "बस तिथंच दारात. बोलाव तिला. बघू तर येते का."

धाकटी उंबऱ्यावर बसली. तिनं हात पुढं केले. "ये."

भिंगरीनं खांब सोडला. जिथं ती थांबायची तिथवर आली. पोरगी थांबली नाही. तोल सावरत, हात वर धरून, ती ती जागा ओलांडून आली, परातीला वळसा घालून आली, आणि सबंध खोली ओलांडून आईच्या ओल्या हातांत पडली. तिच्यामागं दोरी सरपटत आली, निळी, चौकड्यांची, लांबलचक.

"अगंबाई!" म्हातारी मोठ्यानं म्हणाली. "आली की! पहिल्यांदाच! हो ना गं ताई?"

"पहिल्यांदाच," ताई भिंतीकडंच बघत म्हणाली.

धाकटीनं पोरीला छातीशी धरलं. तिच्या खांद्यावरून तिला दोरीचं टोक दिसलं. कालच धुऊन विणलेलं पांढरं दुपटं काळं झालं होतं. त्याला अंगणातली माती लागली होती, फाटकाजवळची खडी अडकली होती, पंपाच्या खोलीपाशी उगवतं ते बारीक गवतही त्यात गुंतलं होतं. पोरगी सकाळपासून कुठं कुठं फिरून आली होती ते सगळं त्यावर होतं.

तिनं ते पाहिलं, आणि मग सासूकडं पाहिलं.

"हो, आई," ती म्हणाली. "बरं झालं, मी वेळेवर आले."